सतरा नंबरची पट्टी

ब्रेकच्या कॅलिपरला रंग दिला तर ब्रेक कमी लागतो का, हा प्रश्न मोजणीमास्तरांना महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. विचारणारा बहुधा तरुण असतो, गाडी नवी असते, आणि चाकाच्या जाळीतून आतला लाल रंग चमकलेला जगाला दिसावा अशी त्याची फार इच्छा असते. हातातला पाना न थांबवता मास्तर सांगतात, "नीट झाकून दिला तर काही होत नाही." गिऱ्हाईक खूश होतं. मग मास्तर म्हणतात, "पण मी देत नाही. चौकात दुसरं गॅरेज आहे, तिकडे जा." एवढं बोलून ते गाडीखाली जे शिरतात, ते गिऱ्हाईक गेल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

लोकांना वाटतं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. म्हातारा म्हणजे तरी किती, अठ्ठावन्न. पण नव्या लोकांना हे ठाऊक नसतं की मास्तर मुळात ब्रेकवाले नव्हतेच. सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत त्यांनी रंगाशिवाय कशाला हात लावला नव्हता. पत्र्यावरचा ओरखडा त्यांनी बुजवला की मालकाला स्वतःची गाडी ओळखू येत नसे. दहा वर्षं उन्हात उडालेल्या रंगाची छटा ते नुसत्या डोळ्यांनी जुळवत. ब्रेकचं खातं त्यांच्या थोरल्या भावाचं, दादाचं होतं.

गॅरेज वडिलांचं. त्यांनीच जमिनीवर एक पिवळी रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या अलीकडे पाने, जॅक, तेल आणि दादा. पलीकडे रंग, पडदे आणि धाकटा. दादा बोलघेवडा, हसला की पत्रे वाजायचे. धाकटा नाकासमोर चालणारा, तोंडातून शब्द काढायला पाना लागेल असा. "आमच्या आईने दोघांचं बोलणं एकातच भरलं," असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा आणि धाकटा मान खाली घालून हसायचा. धाकट्याने लग्न केलं नाही. गॅरेजच्या वरच्या खोलीत झोपायचा आणि रात्रीचं जेवण दादाच्या घरी, दादा-वहिनी आणि त्यांची मुलगी गोटी यांच्या पंगतीला. गोटी म्हणजे नावासारखीच, लहानपणी वाटोळी आणि हातातून निसटणारी.

मोजणीमास्तर हे नाव दादानेच पाडलं. त्याला कारण होतं. सोळाव्या वर्षी धाकट्याने पहिली अख्खी गाडी रंगवली आणि दाराच्या कुलपावरची चिकटपट्टी काढायची विसरला. पट्टी रंगाखाली अशी बुजली की कुलूपच दिसेना. मालक किल्ली घेऊन स्वतःच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत राहिला आणि वडिलांनी चार लोकांदेखत धाकट्याच्या थोबाडीत मारली. त्या दिवसापासून तो प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने नंबर घालू लागला. रंग लागायला नको त्या प्रत्येक जागी नंबरची पट्टी. काम झालं की पट्ट्या काढायच्या आणि भिंतीवरच्या लाकडी फळीवर एकेक करून ओळीने चिकटवायच्या. एकपासून शेवटपर्यंत सगळे नंबर भरले की काम संपलं. मग फळी साफ. एकतीस वर्षांत फळीवर भोक राहिलं नाही.

म्हणून त्या शनिवारचं एवढं वाटतं.

गोटी तेव्हा अकरा वर्षांची होती. कुठल्यातरी गाडीचे लाल कॅलिपर तिने पाहिले आणि आपल्या जुन्या साय-रंगाच्या गाडीलाही तसेच हवेत म्हणून हट्ट धरून बसली. दादाने आधी उडवून लावलं. "अगं, ब्रेक म्हणजे घरातला कर्ता माणूस. त्याचं काम दिसावं, त्याला पावडर कशाला?" पण मुलीपुढे दादाचं काय चालणार? शेवटी म्हणाला, "रंग काका देईल. पण खोलणार आणि बसवणार मी."

पुढच्या दोन चाकांचे दोन कॅलिपर दादाने उतरवले आणि रेघेपलीकडे सरकवले. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा हा लोखंडी जबडा. धाकट्याने ते धुतले, घासले आणि पट्ट्या लावायला बसला. गोटी शेजारी उकिडवी.

"काका, सगळंच लाल का नाही करत?"

"लोखंडाला रंग चालतो," धाकट्याने सांगितलं. "रबराला नाही. सरकत्या पिनेला नाही. आणि ही खाच बघ, इथे तबकडीवर दाबणारा पॅड पुढेमागे सरकतो. इथे नखाएवढा पापुद्रा जरी अडकला तरी पॅड अडतो. मग गाडी एका अंगाला ओढते, किंवा थांबायची तिथे थांबत नाही."

"मग रंगाने ब्रेक बिघडतो?"

"रंगाने नाही बिघडत. रंगवणाऱ्याने बिघडतो."

दादा रेघेपलीकडून ओरडला, "ऐकलंस का गोटे, आज काका दोन वाक्यं सलग बोलला!"

एका कॅलिपरला बारा, दुसऱ्याला बारा, मिळून चोवीस पट्ट्या. पातळ तीन हात दिले. दुपारी वाळल्यावर दोघा भावांनी मिळून पट्ट्या काढल्या, दादाने कॅलिपर चढवले, चौकाला एक फेरी मारली आणि गॅरेजच्या दारात असा कचकन ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली गेलं. "लाल रंगाने जास्तच लागतोय रे!" असं म्हणत तो गोटीला घेऊन घरी गेला.

संध्याकाळी झाडलोट करताना धाकट्याने फळीकडे पाहिलं. तेवीस पट्ट्या होत्या. सोळानंतर अठरा. सतरा नंबर म्हणजे उजव्या चाकाची खाच, पॅड जिथे सरकतो तीच.

त्याने जमीन झाडली. कचऱ्याचा डबा पालथा केला. बुटांचे तळ पाहिले. मग दार ओढून घेऊन दादाच्या घराकडे निघाला. घर दहा मिनिटांवर. कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. आता जाऊन सांगायचं, तर दादा हातातलं टाकून चाक खोलणार. खाचेत काही नसलं तर सगळं घर हसणार. मोजणीमास्तर मोजणीत चुकले! दादा वर्षभर पुरवून पुरवून ते सांगणार. धाकट्याला त्या हसण्याची लाज वाटली. उद्या सकाळी सांगू, असं म्हणून तो कोपऱ्यावरून परत फिरला. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला आणि जेवायलाही गेला नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, धाकटा घरी पोचायच्या आधीच, दादा गाडी घेऊन निघाला. वहिनी घरी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. टेकडीपलीकडच्या गिऱ्हाइकाला ती पोचवायची होती. उतारावरच्या वळणावर गाडी वळली नाही. सरळ जाऊन दगडी भिंतीवर आदळली. लोक धावत गेले तोवर दादा संपला होता.

दोन कागद आले. गाड्या तपासणाऱ्या साहेबाने लिहिलं, ब्रेकमध्ये दोष आढळला नाही. डॉक्टरने लिहिलं, भिंतीवर आदळण्याआधीच हृदय बंद पडलं असावं. सगळ्यांनी दोन्ही कागदांवर विश्वास ठेवला. धाकट्याने नाही. उजवं चाक तर चेपून आत गेलं होतं, साहेबाने खाच पाहिली कुठून? नुसतं पेडल दाबून बघितलं असणार. आणि डॉक्टरचा तो 'असावं'. धाकट्याला वाटलं, गेलेल्याच्या घरच्यांना बरं वाटावं म्हणून लोक असं लिहितात.

चेपलेली गाडी सात दिवस पोलिसांच्या आवारात उभी होती. पाना घेऊन जायचं, चाक खोलायचं आणि बघायचं, एवढंच काम होतं. सातही दिवस धाकटा रोज सकाळी पाना पिशवीत टाकायचा आणि रोज संध्याकाळी परत काढून ठेवायचा. आठव्या दिवशी गेला तेव्हा गाडी भंगारात गेली होती. आता खाचेत पट्टी होती की नव्हती, हे सांगणारं जगात काही उरलं नाही.

माणसाचं कसं असतं, त्याला चूक कळली तर तो रडून मोकळा होतो, चूक नाही हे कळलं तरी मोकळा होतो. मास्तरांना दोन्हीतलं काहीच मिळालं नाही. त्यांनी रंगाची गन पुसून कपाटात ठेवली आणि रेघेच्या अलीकडे येऊन दादाच्या पान्यांना हात घातला. सत्तेचाळीसाव्या वर्षी चाळीस चुका करत ब्रेकचं काम शिकले. आज या भागात त्यांच्याइतकं बारीक काम कोणी करत नाही. पॅडची खाच ते तीनतीनदा बोट फिरवून बघतात. फळी मात्र तशीच राहिली, कारण नंबर पुरे झाल्याशिवाय ती साफ करायची पद्धतच नव्हती.

दादाच्या घरी पंगतीला बसणंही सुटलं. वहिनींसमोर बसून घास गिळायचा कसा? गोटीच्या शाळेपासून घराच्या छपरापर्यंत सगळं मास्तरांनी पाहिलं, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून. वहिनी रोज डबा भरून ठेवायच्या. मास्तर दारातून घ्यायचे. "बरं आहे ना, भावजी?" "बरं आहे, वहिनी." अकरा वर्षं दोघांत एवढंच बोलणं झालं. वहिनींनीही कधी आत या म्हटलं नाही. मास्तरांना वाटायचं, त्यांना कळलंय. कळूनही डबा देतात, ही त्यांची थोरवी. असा तो डबा रोज थोडा जड व्हायचा.

आणि गेल्या शुक्रवारी गोटी गाडी घेऊन आली. बावीस वर्षांची गोटी, नवी नोकरी, कोणाचीतरी वापरलेली लहानशी निळी गाडी. उतरली ती हातात लाल रंगाचा डबा घेऊनच.

"काका, कॅलिपर लाल करायचेत. बाबांच्या गाडीसारखे."

"मी रंग देत नाही."

"इतरांना देऊ नकोस. मला दे."

"गोटे, दुसरं काहीही सांग."

ती एरवी हसून सोडून देणारी मुलगी. त्या दिवशी तिचा आवाज चढला. "घरात बाबांचं नाव काढलं की आई शिलाईमशीन जोरात चालवते. इथे काढलं की तू गाडीखाली घुसतोस. बाबा काय माझ्या एकटीचे होते? मी एकटीनेच आठवत बसायचं?" तिने डबा कट्ट्यावर आपटला. "राहू दे. रविवारी मी स्वतः देणार. ब्रश आहे माझ्याकडे."

ब्रश म्हटल्यावर मास्तरांना पुढचं सगळं दिसलं. ही पोरगी जाडजूड रंग खाचेत भरणार, पिनेवर थापणार आणि सोमवारी गाडी घेऊन त्याच उतारावरून कामावर जाणार. रंग द्यायचा तर गन हातात घ्यायला हवी. नाही द्यायचा तर का ते सांगायला हवं. आणि गोटीला सांगण्याआधी वहिनींना सांगायला हवं, तेवढा त्यांचा मान होता.

शनिवारी दुपारी, गोटी घरी नसताना, मास्तर गेले. वहिनींनी सवयीने डबा पुढे केला.

"वहिनी, मी आत येऊ?"

वहिनींचा हात डब्यासकट तसाच राहिला. मग त्या बाजूला झाल्या.

खोलीत फारसं काही बदललं नव्हतं. खिडकीपाशी शिलाईमशीन, त्यावर अर्धवट शिवलेलं राखाडी कव्हर, खडूच्या रेघा. दादाची खुर्ची भिंतीशी लावलेली. मास्तर तिच्यावर बसले नाहीत, स्टुलावर बसले. वहिनी मशीनपुढे बसल्या आणि उगाच कव्हरच्या कडा सरळ करू लागल्या.

"वहिनी, दादाला मी मारलं."

एकदा तोंड उघडल्यावर मास्तर थांबले नाहीत. शनिवार, रंग, पट्ट्या, फळी. पट्टी कमी होती हे आपल्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आपण कोपऱ्यापर्यंत आलो होतो. लोक हसतील म्हणून परत गेलो. "ती टेप खाचेत राहिली. उतारावर पॅड अडला. मी दहा मिनिटं चालत आलो असतो तर..." दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते फरशीकडे बघत राहिले. काय शिक्षा मिळेल ती घ्यायला आले होते.

वहिनींनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "टेप म्हणजे, पेन्सिलीने नंबर घातलेली?"

"हो."

त्या उठल्या. कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, दादाचे दोन शर्ट अजून टांगलेले होते त्यांच्या शेजारी, बोटभर लांबीची एक पिवळी पडलेली पट्टी टाचणीने लावलेली होती. वहिनींनी ती अलगद काढली आणि तळहातावर ठेवून मास्तरांपुढे धरली. अक्षर मास्तरांचंच होतं. सतरा.

"त्या संध्याकाळी यांच्या शर्टाला होती," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, हे काय चिकटवून आलात? तर हसायला लागले. म्हणाले, धाकट्याची पट्टी चोरली. इतक्या वर्षांत कधी हात लावला नाही, आज राहवेना. आता बघ, जेवणाआधी धावत येतो की नाही. गोटीला पण सांगितलं, काका आला की तोंड गंभीर ठेवायचं. आम्ही तिघं दाराकडे डोळे लावून बसलो होतो, भावजी. तुम्ही आला नाहीत. तुमचा निरोप आला, डोकं दुखतंय. मग म्हणाले, उद्या त्याच्या चहाच्या कपाला चिकटवतो." वहिनींनी पट्टीकडे पाहिलं. "त्यांचं शेवटचं हसणं, म्हणून ठेवली. तुम्ही ती शोधत असाल असं माझ्या डोक्यात कसं यावं?"

मास्तरांनी पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचला. खाचेत काही नव्हतं. ब्रेक चांगला होता. पट्टी दादाच्या शर्टावर बसून घरी गेली होती आणि अकरा वर्षं या कपाटात होती, आपल्या डब्यापासून चार पावलांवर. त्यांच्या छातीतून हुंदका आला तो हसण्यासारखा आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना दादा भिंतीशिवाय आठवला, गंभीर तोंड करून दाराकडे बघत बसलेला.

त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं आणि वहिनींचा चेहरा पाहिला.

"म्हणजे ब्रेक चांगलाच होता," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "डॉक्टर म्हणाले तेच खरं. म्हणजे मीच."

"काय, वहिनी?"

"सकाळी छाती चोळत होते. म्हणाले, जरा जड वाटतंय, पडतो थोडा. मी म्हटलं, पित्त असेल, रिकाम्या पोटी चहा ढोसता. कव्हरं दहापर्यंत द्यायचं कबूल केलं होतं मी. मीच गठ्ठा गाडीत नेऊन ठेवला. मीच किल्ली हातात दिली." त्या मशीनचं चाक हाताने पुढेमागे फिरवत होत्या. "कोणाला बोलले नाही. गोटीलाही नाही. तुम्ही घरात पाय टाकणं सोडलंत, तेव्हा वाटलं, भावजींना कळलं. मला तोंड दाखवायला नको म्हणून दारातून जातात. मग मीही आत या म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? तुमचं ऐकता ऐकता आत्ता घटकाभर वाटलं, मी नाही. मग आठवलं, पट्टी माझ्यापाशी आहे."

पट्टी कपाटातच राहू देऊन त्या सुटू शकत होत्या. ते त्यांना सुचलंही असेल. तरी त्यांनी उठून कपाट उघडलं होतं.

तुमचा काही दोष नाही, हे वाक्य मास्तरांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. कोणाचाच दोष नाही, हेच त्यांना साहेबाच्या कागदाने ऐकवलं होतं, डॉक्टरच्या कागदाने ऐकवलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकवलं होतं. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही, तसं ते वाक्य एकदाही धरलं नव्हतं. वहिनींवरही धरणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, तर हे जळणं मास्तरांइतकं कोणाला कळणार? त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. केस पांढरे झालेले, पाठ मशीनवर वाकून वाकून गोल झालेली. मास्तरांच्या हातात सुटका येऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. फार हलकं वाटलं होतं त्यांना त्या पाच मिनिटांत.

"वहिनी," ते म्हणाले, "एक पट्टी नव्हती कमी. दोन होत्या."

वहिनींचा हात चाकावर थांबला.

"ही सतरा. आणि एकवीस. सतरा दादाने नेली, ते आज कळलं. एकवीस पिनेच्या तोंडाशी होती. ती कुठे गेली मला माहीत आहे."

"एकवीस?"

"एकवीस. पीन अडली की तेच होतं. दादाला छातीत दुखलं असेल, नाही असं नाही. पण ब्रेक लागला असता तर गाडी थांबली असती. दुखणारा माणूस ब्रेकच मारतो, वहिनी. त्याने मारला असणार. लागला नाही."

एरवी चार वाक्यं सलग न बोलणारा हा माणूस त्या दिवशी सरळ डोळ्यांत बघून खोटं बोलला. वहिनींनी दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि त्या रडल्या. मशीन चालू नव्हतं, त्यामुळे ते सगळं ऐकू येत होतं. मास्तर स्टुलावर बसून राहिले. मध्येच वहिनी म्हणाल्या, "अकरा वर्षं तुम्ही हे एकटेच घेऊन फिरलात?" मास्तरांनी मान हलवली. ते मात्र खरंच होतं.

निघताना त्यांनी सांगितलं, "उद्या गोटीबरोबर गॅरेजात या. तिच्या गाडीला रंग मीच देतो."

गॅरेजात येऊन त्यांनी दार आतून लावलं आणि फळीसमोर उभे राहिले. तेवीस पट्ट्या, करड्या, कडा वळलेल्या. सोळानंतर अठरा. त्यांनी एकवीसच्या कडेला नख लावलं. वाळून कडक झालेली पट्टी सरळ निघाली नाही, तुकडे तुकडे होऊन पडली. खाली लाकडाचा उजळ चौकोन उघडा पडला. चार घरं अलीकडची सतराची जागा धुराने, तेलाने काळी झालेली, आणि ही कोरी. कोणीही पाहिलं तरी कळलं असतं, ही आज काढलेली आहे.

मास्तरांनी दिवा जवळ घेतला. कट्ट्यावरची गंज मिसळलेली धूळ चिमटीत घेतली, तेलाचा थेंब घातला, थोडी काजळी मिसळली. अंगठ्याने चौकोनावर लावून पाहिलं. जरा तांबूस दिसत होतं. गंजाचा कण कमी केला, काजळी वाढवली, पुन्हा लावलं. अकरा वर्षांनी ते छटा जुळवत होते. तीन वेळा पुसून चौथ्यांदा जुळली. दोन्ही जागा सारख्या जुन्या दिसू लागल्या. खाली पडलेले एकवीसचे तुकडे त्यांनी वेचून खिशात टाकले. मग जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवर बसले आणि भावासाठी पोटभर रडले.

रविवारी सकाळी गोटी आली, मागून वहिनी आल्या. अकरा वर्षांत वहिनींनी गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. त्या सरळ फळीपाशी गेल्या. ओठ हलवत एकेक नंबर वाचला. सतराच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, मग एकवीसच्या. मास्तरांनी श्वास धरला. बोटाला काही लागलं नाही.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलं. यांच्या वतीनेही केलं."

मास्तरांनी मान खाली घातली. "हो, वहिनी," एवढंच म्हणाले.

"आणि आजपासून डबा नाही. घरी येऊन जेवायचं." त्यांचा चेहरा रात्री झोप लागलेल्या माणसाचा होता.

गोटी कधी आईकडे, कधी काकाकडे बघत होती. "तुम्ही दोघं काय बोलताय? कशाची माफी?"

"संध्याकाळी जेवताना सांगते," वहिनी म्हणाल्या. मास्तरांना कळलं, आता हे गोटीलाही कळणार, आणि बाबांच्या मरणाचं कारण म्हणून ती आयुष्यभर आपल्याकडे बघणार. त्यांनी क्षणभर खिशावरून हात फिरवला. मग कपाट उघडून गन बाहेर काढली, कपड्याने पुसली आणि निळ्या गाडीचं पुढचं चाक खोलायला बसले.

"पट्टी फाडून दे," त्यांनी गोटीला सांगितलं. तिने दिली. मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पट्टीवर एक लिहिलं.